साठी, पंचाहत्तरी आणि गौरवग्रंथ

(चंद्रपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय ऐकून दोघंतिघं हसले, मी पाहिलं. समीक्षेच्या मालेत कादंबरी येते, कविता येते, नाटक येतं. साठीचा सत्कार कुठून आला? पण जरा हिशेब करा. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वर्षाला कादंबऱ्या किती निघतात, आणि गौरवग्रंथ, गौरव विशेषांक, स्मरणिका, मानपत्रं किती निघतात? दुसऱ्या ढिगात मराठी गद्य जास्त आहे. ते छापलं जातं, वाटलं जातं, भिंतीवर चौकटीत लावलं जातं. आणि त्याच्यावर कुणी एक ओळ टीका लिहीत नाही, कारण समारंभात टीका करायची नसते असा आपला रिवाज. म्हणून आज तेच करू. हा सोहळा एक वाङ्मयप्रकार आहे असं धरून तो कसा बांधला जातो, त्यात काय बसतं, काय बाहेर राहतं, ते बघू.

आधी शब्द बघा. पंचवीस म्हणजे रौप्य, पन्नास सुवर्ण, साठ हीरक, पंचाहत्तर अमृत. हे सगळे शब्द संस्थांचे, राज्यारोहणांचे. ते माणसाला लावले गेले ते अलीकडे. आपल्याकडचे जुने शब्द वेगळे आहेत. साठ वर्षं पुरी झाली की षष्ट्यब्दीपूर्ती, आणि तिचा विधी म्हणजे उग्ररथ शांती. सत्तरीला भीमरथ शांती. मग सहस्रचंद्रदर्शन. त्याचं गणित सोपं आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, अशा हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ऐंशी वर्षं दहा महिने. म्हणून ऐंशी सरत आली की घरात चंद्राची चांदीची प्रतिमा येते.

यातला 'शांती' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शांती करायची ती कशाची? संकटाची. साठ वर्षांत प्रभव ते क्षय हे संवत्सरांचं पूर्ण चक्र फिरतं आणि तुम्ही जन्मलात त्याच नावाचं संवत्सर परत येतं. जुनी समजूत अशी की हा वळणाचा, धोक्याचा काळ. तेव्हा अरिष्ट टळावं म्हणून होम करायचा, दान द्यायचं, पोरंबाळं बोलावून जेवायचं. त्यात 'मी केवढा मोठा' हे कुठंच नव्हतं. 'अजून आहे' एवढंच होतं. 1951 च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. तिथे साठ म्हणजे खरोखर जगून निघणं. आता कुणी म्हणेल की हा तर ब्राह्मणी विधी, आमच्याकडे कुठे होता? बरोबर आहे. तो सगळ्यांचा नव्हताच. पण मी त्याच्या मूळच्या स्वराबद्दल बोलतोय. तो स्वर नम्र होता.

तो सार्वजनिक कधी झाला? मोठं उदाहरण टिळकांचं. 23 जुलै 1916 ला त्यांना साठ पुरी झाली. पुण्यात गायकवाड वाड्यात समारंभ झाला, देशभरातून जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना दिली गेली. टिळकांनी ती राष्ट्रकार्यासाठी म्हणून घेतली. आणि सरकारनं मुहूर्त कसा साधला बघा. त्याच वेळी त्यांच्या हातात नोटीस पडली की वर्षभर चांगल्या वर्तनाचा वीस हजारांचा जामीन का घेऊ नये ते सांगा. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल ती होती. पुढे नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो जामिनाचा हुकूम रद्द केला, बाजू मांडायला जिना होते. हा वाढदिवस म्हणजे एक राजकीय कृती होती. लोकांनी पैसे दिले ते पुढच्या कामासाठी, आणि देताना आपण कुणाच्या बाजूचे हे सरकारला दिसेल अशा जागी दिले. थैली हा शब्द पुढे मराठीत रुजला. आज थैली आहे, पण तिच्यातली जोखीम गेली आहे.

विद्वानांची वेगळी रीत होती. पां. वा. काणे यांच्या एकसष्टीला, 7 मे 1941 रोजी, त्यांना एक ग्रंथ अर्पण झाला. त्यात काय होतं? भारतविद्येवरचे लेख. देशोदेशीच्या अभ्यासकांनी आपापलं नवं संशोधन दिलं होतं. म्हणजे सत्कारमूर्तीला सांगायचं, तुमच्या शेतात आम्हीही पेरतोय, हे बघा पीक. नागपूरचे वा. वि. मिराशी, वाकाटकांच्या ताम्रपटांचे मोठे अभ्यासक, त्यांच्यासाठी 1965 मध्ये निघालेला गौरवग्रंथही त्याच जातीचा. असा ग्रंथ सत्कारमूर्ती गेल्यावरही ग्रंथालयात लागतो. आणि काण्यांचं पुढचं बघा, त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ला सुरू झाला आणि पाचवा खंड पुरा झाला 1962 मध्ये. म्हणजे एकसष्टीनंतर हा माणूस वीस वर्षांवर काम करत राहिला. गंमत म्हणजे शांतिकर्मांचं विवेचन त्या पाचव्या खंडातच आहे.

आता आपल्याकडच्या गौरवग्रंथाकडे येऊ. मी अशा ग्रंथांचे कच्चे लेख वाचले आहेत, मुद्रितं तपासली आहेत. नावं घेणार नाही, घेण्याची गरजही नाही, कारण सगळे एकाच साच्यातून निघतात. सुरुवातीला नेत्यांची शुभेच्छापत्रं, लेटरहेडसकट. ती वाचलीत तर कळेल की त्यातली बरीच सत्कारमूर्तीचं नाव बदलून कुणालाही चालतील. मग संपादकीय, ज्यात 'सूर्याला दिवा दाखवण्याचा प्रयत्न' असतोच. मग लेख. 'मला भावलेले सर.' 'अजातशत्रू व्यक्तिमत्त्व.' 'मातीशी नाळ जुळलेला माणूस.' मग कौटुंबिक विभाग, मग रंगीत फोटो, मग जाहिराती. जाहिराती हा भाग सगळ्यात प्रामाणिक असतो. तिथे निदान कळतं की या माणसाचे संबंध कुणाकुणाशी आहेत.

'अजातशत्रू' या शब्दावर थांबतो. ज्यानं तीस-पस्तीस वर्षं सार्वजनिक काम केलं, संस्था चालवली, जंगलाच्या, जमिनीच्या, दारूच्या प्रश्नात हात घातला, त्याला शत्रू नाही हे शक्य आहे का? या जिल्ह्यांत? गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात ती एप्रिल 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. येण्याच्या बाजूनं माणसं उभी होती, उठण्याच्या बाजूनंही होती. ज्यानं यातली कुठलीही एक बाजू घेतली त्याला विरोधक मिळालेच. मग गौरवग्रंथात लिहिणारा जेव्हा 'अजातशत्रू' म्हणतो, तेव्हा तो त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग पुसून टाकतो. लेखक प्रेमानं लिहितो, पण त्या प्रेमात माणूस सपाट होतो. मी एकदा एका लेखकाला म्हटलं, तुम्ही दोघं चार वर्षं बोलत नव्हता ते लिहा ना. तो म्हणाला, "सर, वाढदिवसाच्या दिवशी कायले?" आता त्या चार वर्षांत संस्थेची दिशा ठरली होती. ग्रंथात त्या चार वर्षांत काहीच झालेलं नाही.

मानपत्राची भाषा तर याहून जड. 'आपल्या कर्तृत्वाचा सुगंध दशदिशांत दरवळत आहे.' मी विचारतो, काम काय केलं? किती शाळा उघडल्या, त्यातल्या किती चालू आहेत? कुठल्या गावाचा रस्ता झाला? किती पोरी दहावीच्या पुढे गेल्या? मानपत्रात आकडा आला की ते वाचवत नाही असं लोकांना वाटतं. मला उलट वाटतं. आकडा नसलेलं मानपत्र कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

मग वाढदिवसाच्या सभेत खरं बोलताच येत नाही का? येतं. आपल्या मराठी मुलखातच याचा एक थोर नमुना आहे. 18 जानेवारी 1943, पुण्याचं गोखले मेमोरियल हॉल. न्यायमूर्ती रानडे यांची 101 वी जयंती. डेक्कन सभेनं वक्ता म्हणून बोलावलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. ते भाषण 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं पुढे छापलं गेलं. बाबासाहेबांनी काय केलं? आधी विचारलं की मोठा माणूस कुणाला म्हणायचं. नुसता प्रामाणिकपणा आणि नुसती बुद्धी एवढ्यावर भागत नाही, त्यामागे सामाजिक हेतू हवा, असा निकष त्यांनी मांडला. त्या निकषावर रानडे घासून बघितले आणि मोठे ठरवले. समकालीन पुढाऱ्यांशी तुलना केली. विभूतिपूजेवर बोलताना एक फरक केला, कुणाबद्दल मनापासून आदर वाटणं वेगळं आणि डोळे मिटून त्याच्या मागं जाणं वेगळं. आणि शेवटी ज्यांनी बोलावलं त्या उदारमतवाद्यांनाच सांगितलं की तुमच्यात संघटन नाही, म्हणून तुमचा पक्ष खचला. यजमानांच्या सभागृहात, यजमानांच्या दैवताच्या जयंतीला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, त्याला त्यांनी छापील प्रस्तावनेत उत्तर दिलं. इतकं करून त्या भाषणानं रानडे लहान झाले का? रानड्यांवरचं कितीतरी गौरवपर साहित्य धूळ खात पडलंय आणि हे भाषण अजून वाचलं जातं.

हे मी चंद्रपुरात सांगतोय याला अर्थ आहे. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेब इथे आले आणि इथे दीक्षा सोहळा झाला. आपल्या वस्त्यांत 14 एप्रिलची जयंती होते, तिची बांधणी बघितली आहे ना? घरोघर वर्गणी, पावती पुस्तक, शेवटी जमाखर्चाचा कागद. अलीकडे डीजेनं त्यातलं बरंच खाल्लं, हेही म्हटलं पाहिजे. पण ज्या वस्तीत हिशेबाचा कागद बुद्धविहाराच्या भिंतीवर लागतो, तिथल्या जयंतीत आणि एखाद्या पुढाऱ्याच्या एकसष्टीत मला मूळचाच फरक दिसतो. पहिल्यात पैसा कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि आपल्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची आठवण निघणारच. जन्म 30 एप्रिल 1909. त्यांची जयंती गुरुदेव सेवा मंडळाची माणसं 'ग्रामजयंती' म्हणून पाळतात. शब्द बघा. माणसाच्या वाढदिवसाला गावाचा वाढदिवस करून टाकलं. त्या दिवशी रस्ते झाडायचे, सामुदायिक प्रार्थना करायची. चिमूर भागात हे अजून दिसतं. याचं सगळं यश मी मान्य करत नाही. काही गावांत झाडू हातात घेऊन फोटो निघतो आणि झाडू परत जातो. तरी कल्पना म्हणून ती अस्सल आहे.

आता एक प्रश्न, जो या भागातच नीट विचारता येतो. वाढदिवस साजरा करायला वाढदिवस असावा लागतो. आहे का?

आपल्यातल्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या लोकांनी हात वर करा, जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै किती जणांची? बघा. (हशा.) शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वर्ष टाकलं, तारीख शाळेच्या सोयीची. त्यामुळे सरकारी कागदावर महाराष्ट्राची एक आख्खी पिढी जूनच्या पहिल्या दिवशी जन्मली. आणि नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे 31 मे. म्हणजे चंद्रपूरच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांत, एकाच दिवशी, एकाच शाळेत तीन तीन निरोप समारंभ. तिकडे गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम चालू किंवा नुकता उरकलेला, गावात माणूस नाही. टाळ्या वाजवायला तालुक्याहून लोक आणावे लागतात.

ज्यांच्या आईवडिलांची शाळाच झाली नाही त्यांचं आणखी वेगळं. जुन्या मध्य प्रांतातल्या आपल्या गावांत जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात असायची. जातपडताळणीसाठी ते बुक ज्यांनी शोधलंय त्यांना माहीत आहे, त्यात बापाचं नाव असतं, जात असते, तारीख असते, आणि बाळाच्या नावाच्या जागी पुष्कळदा नुसतं मुलगा किंवा मुलगी. म्हणजे तारीख आहे पण ती कुणाची ते नाही. तीन बहिणींपैकी कोणती? आणि भामरागड, एटापल्लीकडच्या म्हाताऱ्या माडिया माणसाला वय विचारा. तो सांगेल, अमुक पूर आला तेव्हा मी गुरं राखत होतो. हे वय नाही असं कुणी म्हणू नये. ते आठवणीचं वय आहे, आणि कितीदा कागदावरच्यापेक्षा खरं. पण आधार कार्ड काढताना त्याच्या पदरी 1 जानेवारी आला. आता त्याची पंचाहत्तरी कधी करायची?

म्हणून मी म्हणतो, अमृतमहोत्सव हा प्रकार तारीख असलेल्यांचा प्रकार आहे. आपण ज्यांचे सत्कार करतो त्यांची यादी आणि ज्यांच्या जन्माची नोंद नीट आहे त्यांची यादी, या दोन्ही याद्या बऱ्याच सारख्या निघतात. हा योगायोग मला वाटत नाही.

आणि एक तारीख आहे जी सत्काराच्या यादीत येतच नाही. पहिला वाढदिवस. बालमृत्यूदर म्हणजे काय? हजार जिवंत जन्मांमागे पहिला वाढदिवस न बघता गेलेली मुलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. त्यांच्या कामाच्या गावांत 1988 मध्ये हा दर हजारी 121 होता. म्हणजे जन्मलेल्या दर आठ-नऊ मुलांपैकी एक. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळ कसं तपासायचं, गरम कसं ठेवायचं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, औषध कसं द्यायचं. 39 गावांत हे झालं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी. ही पद्धत पुढे देशाच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात गेली. आता मला सांगा, या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वाढदिवस कोणता? साठावा की पहिला? आणि त्या आरोग्यदूत बायांपैकी कितींवर गौरवग्रंथ निघाले?

लॉन भाड्यानं घेऊन पहिला 'बड्डे' करणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. फुगे, केक, पोरगं झोपलेलं आणि मोठे जेवतायत. मी त्यांना हसत नाही. दिखाऊपणा आहे, कर्जही आहे कुठे कुठे, ते वाईटच. पण ज्या आजीनं स्वतःची दोन लेकरं पुरली ती त्या केकजवळ उभी असते, तेव्हा त्या जेवणात जुन्या शांतीचा अर्थ शिल्लक असतो. पोरगं टिकलं. चौकातल्या फ्लेक्समध्ये तो अर्थ नसतो. फ्लेक्सवर सत्कारमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त असतात, तो वाढदिवस बहुतेक शुभेच्छुकांचाच असतो. शिवाय परवानगी न घेता लावला तर 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, तो आपल्या जागी आहे आणि फ्लेक्स आपल्या जागी.

आता कष्टाबद्दल. सोहळा कुणीतरी उभा करतो. दोन महिने आधी समिती. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष तीन, कारण दोघे रुसले. मग हॉल, बिछायत केंद्रवाला, आचारी, जेवणात बुंदा ठेवायचा की जिलेबी यावर एक पूर्ण बैठक. पत्रिकेत कुणाचं नाव वर, यावर दोन. पाहुणा मंत्री असेल तर त्याच्या वेळेप्रमाणे सगळं सरकतं, अकराचा कार्यक्रम तीनला सुरू होतो, भात गार. हे सगळं ज्यानं ओढलं त्या पोराचं नाव आभारप्रदर्शनात शेवटी येतं, तेव्हा निम्मा हॉल जेवायला उठलेला असतो.

यापेक्षा चांगली रीत आपल्याच झाडीपट्टीत आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटक. गावातलं मंडळ वडशाला जाऊन कंपनी ठरवतं, रक्कम ठरते, पेंडाल उभा राहतो, तिकीट लागतं. पैसे उरले तर मंदिराला, शाळेला, गावाच्या कामाला. तोटा झाला तर मंडळाच्या पोरांच्या अंगावर. पाहुणे घरोघर उतरतात, त्यांचं जेवण त्या त्या घरचं. सकाळी सगळ्यांना माहीत असतं, किती आले, किती गेले, नाटक पडलं की चाललं. आणि नाटक वाईट झालं तर प्रेक्षक तोंडावर सांगतात. म्हणजे संयोजन, हिशेब आणि समीक्षा तिन्ही एका रात्रीत. आपली एकसष्टी या कसोटीला का लागत नाही? कारण तिथे तिकीट नाही. ज्यानं तिकीट काढलं नाही तो बोलत नाही.

आणि सत्कारात एक ठरलेला प्रसंग असतो. 'आता वहिनींचा साडी-चोळी देऊन सत्कार.' वहिनी उठतात, ओटी घेतात, बसतात. त्यांनी बोलावं असं कुणी म्हणत नाही. 'यांच्या यशामागे' असा एक वाक्यांश आहे, त्यात बाईचं आख्खं आयुष्य मागच्या जागी बसवलेलं असतं. त्यांना साठ कधी झाली? कुणी विचारलंय? याला उत्तर म्हणून मी साधनाताई आमटे यांचं 'समिधा' दाखवतो. बाबा आमट्यांवर गौरवाचं लिखाण काही कमी नाही. पण आनंदवनातलं रोजचं जगणं, साप-विंचू, कमतरता, येणारीजाणारी माणसं आणि बाबांचा स्वभावसुद्धा, हे कळायला तुम्ही साधनाताईंकडेच जाता. प्रेम आहे, आणि डोळे उघडे आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी काम सुरू करण्याआधी ते पुस्तक वाचावं असं माझं मत आहे.

बाबांचंच बघा. 26 डिसेंबर 1914 चा जन्म. एकाहत्तराव्या वर्षाच्या टोकाला, डिसेंबर 1985 मध्ये, पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नसताना, ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. पंचाहत्तरी ओलांडली आणि 1990 मध्ये स्वतः उभं केलेलं आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. या निर्णयांवर मतभेद झाले, धरणाच्या बाजूचे लोक नाराज झाले. मतभेद व्हायलाच हवेत. मला एवढंच दिसतं की पंचाहत्तरी म्हणजे हार घालून घेण्याचं वय असं त्यांनी धरलं नाही. अशा माणसावर 'अजातशत्रू' हा शब्द लिहिणं म्हणजे त्याचा अपमान.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवतायत. एक चिठ्ठी आली आहे ती वाचतो. 'आमच्या गावात एक म्हातारी दाई आहे. गावातली निम्मी माणसं तिच्या हातची. आम्हा मुलींना तिचा सत्कार करायचा आहे. पण तिचं वय कुणाला माहीत नाही, तिलाही नाही. काय करावं?'

फार चांगली चिठ्ठी. ताई, पंच्याहत्तर की ऐंशी या भानगडीत पडू नका. पत्रिकेवर आकडा नको. मानपत्र लिहायचं नाही. त्याऐवजी एक वही घ्या आणि घरोघर जा. तिच्या हातून कोण कोण जन्मलं त्यांची नावं लिहा, वर्ष आठवत असेल तर वर्ष, नसेल तर त्या वर्षी काय झालं होतं ते. जी बाळं वाचली नाहीत तीही लिहा, त्यांच्या आयांना विचारून. मग ती वही तिला वाचून दाखवा. ती चुका काढेल, त्या तिथल्या तिथे दुरुस्त करा. तिला बोलू द्या, मध्ये माईकवाला आणू नका. दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलवा, त्या दोघींचं पटत नसेल तर नक्की बोलवा. जेवण वर्गणीतून करा आणि हिशेब लावा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक आमच्या ग्रंथालयात द्या. आणि तारीख मार्च-एप्रिलमधली धरू नका. मोहफुलाच्या दिवसांत ती पहाटेच टोपलं घेऊन जंगलात गेलेली असेल, सत्काराला तुम्हाला सापडणार नाही.